दर शंभर ग्रॅममागे

काढेकाकांच्या घरी काढ्याचा पेला हातात पडण्याआधी एक कागद पडतो. तो लॅमिनेट केलेला असतो, कारण नेरुळच्या पावसाळ्यात साधा कागद दमट होतो आणि पाहुण्यांच्या बोटांवर काकांचा भरवसा नाही. वर ठळक अक्षरांत 'पोषणविषयक माहिती', खाली रेघा मारलेला तक्ता. ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण मेद, संपृक्त मेद, ट्रान्स फॅट, कोलेस्टेरॉल, सोडियम. बिस्किटाच्या पुड्यामागं असतात त्याच ओळी. त्याखाली कुणी मागितलेलं नसताना काकांनी पदरचं कॅल्शियम आणि लोहही घातलंय. आकड्यांचा रकाना मात्र एकच: दर शंभर ग्रॅममागे. तक्ता वाचल्याशिवाय घोट घ्यायचा नाही असा काही नियम नाही. पण काका समोरच्या खुर्चीत बसून तुमच्या बुबुळांवर नजर ठेवून असतात, आणि ती शेवटच्या ओळीपर्यंत उतरली याची खात्री झाली की म्हणतात, "हां, घे आता. गरम आहे तोवर."

ट्रान्स फॅट आणि कोलेस्टेरॉल यांच्यापुढे शून्य आहे. ही शून्यं लाल शाईनं लिहिलेली आहेत. "बघितलंस? कोलेस्टेरॉल निल!" नळाच्या पाण्यातही ते निलच असतं, हे त्यांना सांगण्यात अर्थ नाही. ज्यानं जन्मभर ताळेबंद लिहिले त्याला देण्याच्या बाजूला शून्य दिसल्यावर जे वाटतं, ते तुम्हाआम्हाला कळायचं नाही.

काका ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या हिशेब खात्यात होते. ऑफिसात संगणक आल्यावरही त्याची बेरीज ते पेन्सिलीनं पडताळून बघत, आणि संगणक बरोबर निघाला की किंचित खट्टू होत. निवृत्तीनंतर त्यांनी सोसायटीची वही घेतली. पण सोसायटीच्या हिशेबात असतं काय? मेंटेनन्स, पाण्याचं बिल, लिफ्टवाल्याचा करार. एकदा गणपतीच्या वर्गणीत अकरा रुपये जास्त निघाले. ते कुणाचे, हे शोधण्यात अख्खा भाद्रपद गेला, तेवढाच काय तो विरंगुळा.

मग ३१ मार्च २०२० उजाडला. आपल्याला त्या दिवसांतली टाळेबंदी आठवते, काकांना तारीख आठवते. नोकरीत असताना या रात्री ते कधी बाराच्या आत घरी आले नव्हते. त्या वर्षी बंद करायला कारखान्याची वही नव्हती, बाहेर पडायची सोय नव्हती, आणि नेमक्या त्याच दिवशी दिल्लीहून आयुष मंत्रालयाचं पत्रक निघालं: प्रतिकारशक्तीसाठी तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदा-दोनदा घ्यावा, चवीला गूळ किंवा ताज्या लिंबाचा रस घालावा. देशभर लोकांनी हे पत्रक वाचलं आणि पातेली चुलीवर चढवली. काकांनी ते वाचलं आणि त्यांना त्यात एक उणीव दिसली. प्रमाण दिलेलं नव्हतं.

प्रमाण पुढे आलं. 'आयुष क्वाथ' या नावानं सरकारनं पाकृती जाहीर केली: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, मिरी एक. तीन ग्रॅम भुकटी, दीडशे मिलिलिटर उकळतं पाणी. त्या रात्री काकांना झोप लागली नाही असं काकू सांगतात. चार अधिक दोन अधिक दोन अधिक एक म्हणजे नऊ. तीन ग्रॅमला नवांनी भागलं की तुळस १.३३, दालचिनी ०.६७, सुंठ ०.६७, मिरी ०.३३, दशांशचिन्हापुढे तीन आणि सहा यांची रांग संपतच नाही. पैशापैशापर्यंत जुळवणाऱ्या माणसाला सरकारनं न जुळणारा हिशेब दिला होता. टाळेबंदी शिथिल झाल्यावर काकांनी पहिली खरेदी केली ती सोनाराकडे असतो तसल्या, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणाऱ्या काट्याची. एक मिरी साधारण पाच शतांश ग्रॅम भरते, तेव्हा पेल्याला साडेसहा मिरी. सात घातल्या तर जास्त होतात, सहा घातल्या तर कमी. सातव्या मिरीचे दोन तुकडे करण्यासाठी काका अडकित्ता वापरतात. उरलेला अर्धा तुकडा दुसऱ्या दिवशीच्या 'आरंभीची शिल्लक' म्हणून एका छोट्या डबीत जातो.

अशा माणसांची एक मोठी जात आहे आणि काका त्या जातीतले नाहीत, हे इथंच सांगायला हवं. नेरुळमध्ये 'ज्वेल ऑफ नवी मुंबई'च्या तळ्याकाठी सकाळी फिरायला गेलात तर ती जात थव्यानं भेटेल. कधी कारल्याचा रस, कधी दुधीचा, मग गव्हांकुर, मग अळशी; दर दोन वर्षांनी दैवत बदलतं. त्यांचं ज्ञान मोबाइलवर येतं आणि मोबाइलवरूनच पुढे जातं. काका मोबाइलवर आलेल्या अक्षरावर विश्वास ठेवत नाहीत. त्यांना छापील तक्ता लागतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली काढलेले भारतीय अन्नघटकांचे तक्ते त्यांच्या देवघराखालच्या खणात असतात. त्यात ५२८ खाद्यपदार्थांची फोड आहे. ही संस्था १९१८ साली कुन्नूरला रॉबर्ट मॅक्कॅरिसन नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं बेरीबेरीचा शोध घेण्यासाठी एका खोलीत सुरू केली आणि १९५८ मध्ये ती हैदराबादला आली, हे ते पणजोबांचा इतिहास सांगावा तशा जिव्हाळ्यानं सांगतात. हैदराबादच्या सहलीत बाकीची मंडळी चारमिनारला गेली तेव्हा काका रिक्षा करून तारनाक्याला गेले आणि संस्थेच्या फाटकाबाहेर उभे राहून नमस्कार करून आले.

म्हणूनच काका त्या तळ्याकाठच्या लोकांपेक्षा जास्त धोक्याचे आहेत. त्यांचा एकही आकडा खोटा नसतो.

उदाहरणार्थ दालचिनी. "सांग, दुधात कॅल्शियम किती?" काका विचारतात. आपण गप्प बसायचं असतं. "शंभर ग्रॅम गाईच्या दुधात सुमारे एकशेवीस मिलिग्रॅम. आणि शंभर ग्रॅम दालचिनीत? एक हजार दोन! अमेरिकेच्या शेती खात्याचा तक्ता आहे, माझा नाही. आठपट! म्हणजे आपण इतकी वर्षं म्हशी पाळल्या त्या कशासाठी?" आकडा तंतोतंत खरा. फक्त शंभर ग्रॅम दूध म्हणजे अर्धा पेला, आणि शंभर ग्रॅम दालचिनी म्हणजे आमच्या मजल्यावरच्या चारही घरांत मिळून नसेल एवढी दालचिनी. काकांच्या पेल्यात ती असते ०.६७ ग्रॅम. पण तक्त्याचा मथळाच 'दर शंभर ग्रॅममागे' असा असल्यावर काकांच्या डोळ्यांपुढे दालचिनी नेहमी शंभर ग्रॅमच्या ढिगानंच येते.

ही दालचिनी आणायला काका स्वतः एपीएमसीच्या मसाला मार्केटमध्ये जातात. एकदा मी सोबत गेलो होतो. तुर्भ्याच्या त्या गाळ्यांच्या रांगेत शिरलं की पहिल्या दहा पावलांत माणूस शिंकतो, मिरचीच्या गोणी हलवल्या जात असतील तर पहिल्या दोन पावलांत. पाठीवर धण्याची गोणी घेतलेला एक माथाडी "बाजू, बाजू" करत अंगावरून गेला. काका बाजूला झाले आणि त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत पुटपुटले, "याला रोज साडेतीन हजार कॅलरी तरी लागत असतील." गाळ्यावरच्या शेठनी काकांना ओळखलं आणि कपाळाला हात लावला. तिथं व्यवहार पोत्यांचा, क्विंटलचा. काकांची मागणी पन्नास ग्रॅमची. वर ती निवडून हवी. पहिल्या गोणीत जाड, एकाच वळीची, ढलप्यांची दालचिनी होती. "ही कॅसिया," काका म्हणाले. "मला सिलोनी पाहिजे." सिलोनी म्हणजे श्रीलंकेची, तिची साल कागदाइतकी पातळ आणि सिगारसारखी एकात एक गुंडाळलेली असते. बाजारात बहुतेक माल व्हिएतनाम, चीन, इंडोनेशियाकडचा जाड सालीचा, म्हणजे कॅसियाचा. त्यात कुमारिन नावाचा पदार्थ बराच असतो आणि तो रोज जास्त प्रमाणात पोटात गेला तर काही जणांच्या यकृताला सोसत नाही. जर्मनीच्या अन्नसुरक्षा संस्थेनं साठ किलो वजनाच्या माणसाला या जातीची दालचिनी दिवसाला दोन ग्रॅमपर्यंत चालेल असा हिशेब मांडलाय. सिलोनीत कुमारिन नगण्य. काकांनी भिंग काढलं. शेठनी सिलोनीची पेटी आतून मागवली, पन्नास ग्रॅम तोलून दिली, पैसे घेतले आणि गाळ्यावरच्या पोऱ्याला कटिंग आणायला पाठवलं. चहा आला तेव्हा काकांनी विचारलं, "यात साखर किती चमचे?" शेठ म्हणाले, "काका, आज तक किसीने गिना नहीं."

काढा करताना काकांना बघणं हा आमच्या मजल्याचा करमणुकीचा भाग आहे. सावलीत वाळवलेली तुळशीची पानं हातानं चुरायची, दालचिनी आणि सुंठ खलबत्त्यात ओबडधोबड कुटायची, वस्त्रगाळ करायची नाही. पातेल्याखालचा गॅस मंद. झाकण ठेवायचं, कारण तुळशीतलं युजेनॉल आणि दालचिनीतलं सिनमाल्डिहाइड ही उडून जाणारी तेलं आहेत. वाफेबरोबर जिना उतरतात. झाकणाला भोक पडलेलं असल्यामुळं ती तशीही उतरतातच. संध्याकाळी सहाला लिफ्टचं दार उघडलं की काढा चालू आहे हे तळमजल्यावरच कळतं. याची नोंद काकांनी 'मार्गातील तूट' या सदरात केली आहे. काकूंचं म्हणणं साधं आहे: "वास सगळ्या बिल्डिंगला, पाणी तेवढं आम्हाला."

आणि पाणी म्हणजे शब्दशः पाणी. दीडशे मिलिलिटर पाणी, दहा ग्रॅम गूळ, तीन ग्रॅम मसाला. काढ्याचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग म्हणजे मोरबे धरण. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःच्या मालकीचं धरण आहे याचा आम्हा सगळ्यांनाच जरा जास्तच अभिमान आहे, पण त्याला आयुर्वेदिक दर्जा मिळवून दिला तो काकांनी.

काकू कोल्हापूरकडच्या. त्या काढा पीत नाहीत. चाळीस वर्षं नवऱ्याच्या तोंडून जमा-नावे ऐकून त्यांना हिशेबाची भाषा येते, पण ती त्या क्वचितच आणि वर्मी लागेल अशीच वापरतात. एकदा काका मला तंतूंविषयी सांगत होते. दालचिनीत शंभर ग्रॅममागे त्रेपन्न ग्रॅम तंतू, निम्म्याहून जास्त! बद्धकोष्ठाचं नाव नको! काकू गाळणी हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. गाळणीत ओला, काळपट चोथा होता. "अहो," त्या म्हणाल्या, "अखेरचा साठा धरलात का?"

काका थांबले. तंतू पाण्यात विरघळत नाहीत, निदान बरेचसे नाहीत. खनिजंही सगळी उतरत नाहीत. म्हणजे तक्त्यातला मोठा ऐवज दर संध्याकाळी गाळणीत शिल्लक राहत होता, आणि ज्या माणसानं उभ्या नोकरीत एकदाही अखेरचा साठा मोजायचा सोडला नव्हता त्यानं तो काढ्याच्या ताळेबंदात धरलाच नव्हता. हा साठा जात कुठं होता? काकू तो बाल्कनीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत टाकत. पाचव्या मजल्यावर एवढा तुकतुकीत कढीपत्ता सेक्टरात दुसऱ्या कुणाकडे नाही. पुढचे दोन दिवस काकांनी चोथा उन्हात वाळवून काट्यावर ठेवला. काय निघालं ते त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

तळमजल्यावर एक वैद्यबाई राहतात. सोसायटीत सगळे त्यांना बाईच म्हणतात. एका रविवारी काकांनी त्यांनाही पेला आणि कागद दिला. बाईंनी कागद बाजूला ठेवला, वास घेतला, घोट घेतला आणि म्हणाल्या, "छान आहे, काका. पण हा काढा नव्हे."

काकांच्या हातातला दुसरा पेला तसाच राहिला.

बाईंनी समजावून सांगितलं. शार्ङ्गधरसंहितेत काढ्याचं माप आहे: एक पल औषध, सोळा पट पाणी, आणि मंद आचेवर आटवत आठवा हिस्सा उरवायचा. पल म्हणजे साधारण अठ्ठेचाळीस ग्रॅम. काकांच्या डोळ्यांत चमक आली. त्यांनी तिथल्या तिथं पेन्सिल काढली. अठ्ठेचाळीस ग्रॅम, सातशे अडुसष्ट मिलिलिटर पाणी, उरले शहाण्णव. "तुमचं तीन ग्रॅममध्ये चाललंय," बाई म्हणाल्या. "हे फोडणी न दिलेलं सार आहे. सर्दी-खोकल्यात घशाला बरं वाटेल, प्यावं खुशाल. पण शास्त्रातला काढा म्हणजे औषध. ते माणूस बघून द्यायचं असतं. प्रकृती काय, ऋतू कोणता, अग्नी कसा. भर वैशाखात सगळ्या बिल्डिंगला सुंठ-मिरी पाजलीत तेव्हा कितीजणांचं पित्त उसळलं होतं, आठवतंय?" काकांना आठवत होतं. सोसायटीच्या त्या उन्हाळ्यातल्या हिशेबात नसलं तरी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात अँटासिडचा खप नक्कीच दिसला असता. बाईंनी जाता जाता ज्येष्ठमधही बंद करायला लावलं. काकांनी ते नुकतंच घालायला सुरुवात केली होती, कारण त्यातला गोड घटक साखरेच्या कितीतरी पट गोड आणि कॅलरी नावापुरत्या. पण रोज भरपूर घेतलं तर ते रक्तदाब वाढवतं आणि शरीरातलं पोटॅशियम कमी करतं. काका आणि त्यांची निम्मी गिऱ्हाइकं रक्तदाबाच्या गोळ्या घेणारी.

बाई गेल्यावर काकांनी तक्त्यात 'प्रकृती' अशी ओळ घातली. पुढे काय लिहायचं, एकक कोणतं, यावर अडून ती अजून रिकामी आहे.

मला विचाराल तर बाईंनी एक गोष्ट बोलायची ठेवली. काढ्यात जे काही कामाचं असेल, ते म्हणजे मिरीतलं पाइपरिन, आल्या-सुंठीतला तिखट अर्क, तुळशीचं तेल. यातलं एकही पोषणाच्या तक्त्यात येत नाही. तक्ता मोजतो ऊर्जा, प्रथिने, मेद, मीठ; म्हणजे भाकरीला विचारायचे प्रश्न. भाकरी चोख उत्तर देते. काढ्याला तेच प्रश्न विचारले की तो गुळाकडे बोट दाखवतो. आजवर कुठल्याही आजीनं पोट भरावं म्हणून नातवाला काढा पाजला नाही. पण हे काकांना कोण सांगणार? ज्याला रकाना नाही ते त्यांच्या लेखी अफरातफरीत जमा.

हळदीचं प्रकरण याच सुमाराचं. १९९८ साली बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी दाखवलं होतं की हळदीतलं कर्क्युमिन नुसतं दिलं तर रक्तात जेमतेम उतरतं. सोबत थोडं पाइपरिन दिलं तर ते वीसपट उतरतं. काकांनी 'वीसपट' हा शब्द वाचला आणि काढ्यात अर्धा चमचा हळद आली. मी मूळ प्रयोगाचं माप विचारलं. कर्क्युमिन दोन ग्रॅम. हळदीत कर्क्युमिन असतं शेकडा तीनच्या आसपास. म्हणजे तेवढ्यासाठी पासष्ट ग्रॅमच्या वर हळद लागायची. "नवरीच्या अंगाला लागते तेवढी," काकू आतून म्हणाल्या. तरी हळद दोन हिवाळे टिकली. त्या काळात काका मला पहाटे चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या बाजूला खाडीवर घेऊन जात. ओहोटीच्या चिखलात रोहित पक्षी चोची खुपसून उभे असत, शेकड्यांनी, गुलाबी. "बघ," काका म्हणत, "पिल्लू जन्मतं तेव्हा राखाडी असतं. शेवाळातली नि कोळंबीतली कॅरोटिनॉइडं खाऊन खाऊन गुलाबी होतं. आहाराचा परिणाम दिसतो की नाही?" दिसत होता. दोन हिवाळ्यांच्या हळदीनं काकांची पाच बनियनं पिवळी झाली होती.

हे असंच चाललं असतं. पण चौथ्या मजल्यावरच्या मुलीनं फूड टेक्नॉलॉजीला प्रवेश घेतला.

ती सुट्टीला घरी आली, काकांकडे गेली, पेला घेण्याआधी तिनं कागद घेतला आणि, हे त्या घरात प्रथमच घडत होतं, तो मनापासून वाचला. मग म्हणाली, "काका, हे नियमात बसत नाही."

'नियम' म्हटल्यावर काका ताठ बसले. तिनं सांगितलं की लेबलाचे नियम २०२० साली बदलले. दर शंभर ग्रॅमचा आकडा ठीक, पण एका वेळच्या मापातून रोजच्या गरजेच्या किती टक्के मिळतं, हेही छापावं लागतं. गरज धरायची दोन हजार कॅलरी, सदुसष्ट ग्रॅम मेद, पन्नास ग्रॅम वरून घातलेली साखर, दोन हजार मिलिग्रॅम सोडियम. "तुमचा दुसरा रकाना कुठंय?"

"मी विकत थोडंच देतोय?" काका म्हणाले. पण ते बोलताना त्यांनाच ते पटत नव्हतं. विक्री नाही म्हणून हिशेब नाही, हे वाक्य त्यांनी नोकरीत कुणाच्या तोंडून ऐकलं असतं तर त्या माणसाला मेमो मिळाला असता. ते आतून पट्टी, पेन्सिल आणि हैदराबादचे तक्ते घेऊन आले. जेवणाच्या टेबलावर दोघं बसली. मी आणि काकू प्रेक्षक.

ऊर्जा: गुळाचे पस्तीस, मसाल्याचे पाच धरू, एकूण चाळीस कॅलरी. दोन टक्के. मेद: शून्य टक्के. संपृक्त मेद: शून्य. सोडियम: लिहिण्याजोगं नाही. प्रथिने: एक ग्रॅमसुद्धा भरेनात. दालचिनीचं ते प्रसिद्ध कॅल्शियम पावणेसात मिलिग्रॅमवर आलं, तेही सगळंच्या सगळं पेल्यात उतरलं असं मानून. गुळातलं लोह शंभर ग्रॅममागे ४.६३, म्हणजे पेल्याला अर्धा मिलिग्रॅमही नाही. बायकांची रोजची गरज एकोणतीस. ती नुसत्या गुळावर भागवायची तर रोज सहाशे ग्रॅमच्या वर गूळ. कोल्हापूरकडच्या असूनही काकूंनी मान हलवली.

"आता वरून घातलेली साखर," मुलगी म्हणाली.

"साखर नाहीच. गूळ आहे."

"गूळ त्यातच धरायचा, काका."

काकांनी बराच वेळ पेन्सिलीचं टोक केलं. दहा ग्रॅम गूळ, साडेआठ ग्रॅम साखर, गरज पन्नास. सतरा टक्के. आख्ख्या रकान्यात दोन आकडी संख्या तेवढी एकच होती. पाच वर्षं जो पेला आरोग्याचा म्हणून घरोघर वाटला, त्यात कायद्याच्या नजरेनं दखल घेण्याजोगी गोष्ट निघाली ती साखर.

"माझ्या चहाचंही काढ गं," काकू म्हणाल्या.

काकूंचा चहा म्हणजे उंच स्टीलचा पेला, निम्मं-अधिक दूध, दोन चमचे साखर, आलं, आणि कुंडीतला गवती चहा. शंभर मिलिलिटर दूध धरलं तर कॅल्शियम एकशेवीस. काढ्यातलं तुळशी-गुळासकट सगळं कॅल्शियम गोळा केलं तरी त्याच्या निम्म्यावर जाईना. प्रथिने तीन ग्रॅमच्या वर. साखरेत दोघं जवळपास बरोबरीत. काकांनी आकडे स्वतःच्या हातानं लिहिले, एकही दडवला नाही, दोन्ही पेल्यांचे रकाने शेजारी शेजारी आखले आणि खाली दुहेरी रेघ मारली. मग ते उठून बाल्कनीत गेले. काकूंनी त्यांच्यासाठीही चहा टाकला होता. तो त्यांनी प्यायला की नाही मला माहीत नाही, कारण आम्ही दोघं तेवढ्यात निघालो.

नवा कागद आठवड्यानं आला. दोन्ही रकाने, लॅमिनेट केलेले. साखरेपुढचे सतरा टक्के लाल शाईत. आम्ही सगळे जिन्यात उभे राहून वाचत होतो: मी, ती मुलगी, वैद्यबाई, खाली बसणारा वॉचमन, ज्याला काकांनी पहिल्या टाळेबंदीपासून एकही संध्याकाळ काढ्याशिवाय काढू दिलेली नाही. सोडियम, कॅल्शियम, लोह, रिकामी प्रकृती. आणि तिच्याखाली एक नवी ओळ होती. 'गुडविल (अमूर्त मालमत्ता)'. पुढं आकडा नव्हता, रोजच्या पेल्यांची यादी होती. वॉचमन एक, बाई एक, चौथा मजला दोन, लिफ्टचा माणूस आला तर एक.

"कंपनी विकायला काढली की याचीच किंमत जास्त येते," काका म्हणाले. "मूर्त मालमत्ता काय, भंगारात जाते."

कुणी काही बोललं नाही. वॉचमननं पेला पुढे केला. काकू गाळणी झटकत दारात आल्या, चष्मा वर करून त्यांनी कागदाची शेवटची ओळ वाचली.

"आणि यावर घसारा किती टक्के धरलात?"